कुंडीतली चिलटं आणि दुकानातलं ‘बीटी’

पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उठतात, त्यांच्यावर औषध आहे. स्वस्त आहे, आणि माझ्याकडे लागूही पडलं. पण ते मिळवताना दुकानांत जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी नीट ओळख पटवून घ्या. केळ्यांवर घोंगावते ती फळमाशी. तांबूस अंगाची, बहुधा लाल डोळ्यांची. वाटीत व्हिनेगर आणि साबणाचा थेंब, हा उपाय तिच्यासाठी. कुंडीतलं चिलट काळपट, लांब पायांचं, उडायला आळशी. मातीवरच तुरुतुरु पळतं. चावत नाही, जेमतेम आठवडाभर जगतं. त्याच्यावर फवारा मारून काही साधत नाही, कारण खरा कारभार मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत चालतो. तिथे अंडी, तिथेच काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या. त्या बुरशी आणि कुजका पाला खातात, फार झाल्या की कोवळी मुळंही सोडत नाहीत. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि एक-दोन दिवसांनी उलटून बघा, अळ्या असल्या तर खालच्या बाजूला दिसतील.

‘वरची माती वाळू द्या’ हा सल्ला सगळेच देतात. सल्ला बरोबरच आहे, पण जुलैतल्या पुण्यात, खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये, कोकोपीट भरलेली पीस लिलीची कुंडी वाळवून दाखवा! म्हणून अळ्या मारणारं औषध हवं होतं. ते म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस (थोडक्यात ‘बीटी’) नावाचा जिवाणू, त्याचा ‘इस्रायलेन्सिस’ हा प्रकार. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या साचलेल्या पाण्यात सापडला म्हणून हे नाव. डासांच्या अळ्या मारायला तो जगभर वापरतात आणि चिलटांच्या अळ्यांवरही तो चालतो.

पहिल्या कृषी सेवा केंद्रात मी ‘बीटी’ म्हटल्याबरोबर काउंटरवरच्या दादांनी विचारलं, “कापूस किती एकर?” म्हटलं, बियाणं नको, जैविक कीटकनाशक हवंय, कुंडीत घालायला. मग त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. त्यावर लिहिलेलं ‘कुर्स्ताकी’. हा त्याच जिवाणूचा दुसरा प्रकार, आणि तो घाटेअळीसारख्या पतंगवर्गातल्या अळ्यांसाठी. चिलटाची अळी माशीच्या कुळातली, तिला त्याने काही होत नाही. मी तसं सांगितलं. “ताई, अळी ती अळीच. बीटी म्हणजे बीटी.” मी पाकिटावरचं नाव बोटाने दाखवलं तर म्हणाले, “ते कंपनीचं असतं काहीतरी.”

दुसऱ्या दुकानात तेच पाकीट, वर फुकटचा उपदेश की एवढ्याशा झाडांसाठी कशाला, मुळाशी दाणेदार औषध टाका. झोपायच्या खोलीतल्या कुंडीत शेतातलं दाणेदार विष! तिसरीकडे, “ते डासांचं, ते आम्ही ठेवत नाही,” एवढं तरी खरं उत्तर मिळालं. मग ऑनलाइन मागवलं. पानावर मोठ्या अक्षरांत ‘चिलटांसाठी’, आणि खोक्यातून निघालं पुन्हा कुर्स्ताकीच. परत पाठवायला गेले तर उत्तर आलं की जैविक माल परत घेत नाही. बाटलीचा फोटो, प्रकाराच्या नावाखाली लाल रेघ, असं सगळं पाठवत बसले. त्यावर ‘प्रॉडक्ट इफेक्टिव्ह आहे मॅडम’ हाच मेसेज पुन:पुन्हा. पैसे शेवटी मिळाले, पण तोवर चिलटं चहाच्या कपात पडू लागली होती.

औषध अखेर मिळालं ते डासांचं सामान विकणाऱ्याकडे. त्याला फक्त ‘डासांच्या अळ्यांसाठीचं जैविक’ म्हटलं, त्याने एक शब्द न विचारता बाटली दिली. तेव्हा तुम्ही सरळ तिथेच जा, आणि पैसे द्यायच्या आधी लेबलवर ‘इस्रायलेन्सिस’ वाचा.

लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळायचं आणि नेहमीच्या पाण्याऐवजी तेच घालायचं. दर आठवड्याला, निदान महिनाभर. हे औषध अळीने खाल्लं तरच चालतं. अंड्याला, कोषाला, उडत्या चिलटाला काही होत नाही. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या डोसानंतरही चिलटं दिसतातच. तिथे धीर सोडू नका. माझा सुटत आला होता, पण एवढं भांडून आणलेली बाटली संपवल्याशिवाय मी ऐकणार नव्हते!

पिवळे चिकट सापळेही लावा, मातीच्या अगदी जवळ. त्यांनी कीड संपत नाही, पण कमी होतेय की नाही ते कळतं. माझ्या कार्डांवर गणपतीच्या सुमारास नवं चिलट चिकटायचं बंद झालं, आणि मी ते कार्ड घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं.

राहिलंच: पावसाळ्यात गांडूळखत आणि निंबोळी पेंड वरून पसरू नका, ओलसर पेंडीवर बुरशी धरते आणि अळ्यांची सोय होते. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. आणि नर्सरीतून नवं झाड आणलंत तर दोन-तीन आठवडे ते बाल्कनीतच ठेवा, बाकीच्या कुंड्यांपासून लांब, सापळा लावून.