बोरीकाठच्या पांढऱ्या कापडावर शांतारामबापू

लळिंगचा किल्ला दिसला की धुळं आलं. लहानपणी मामाच्या गावी जाताना आई हेच सांगून आम्हाला जागं करायची. या डिसेंबरात कितीतरी वर्षांनी नाशिकहून एसटीनं तिकडे गेले, तर किल्ला दिसल्याबरोबर मी आपोआप सावरून बसले आणि बॅग मांडीवर घेतली.

निमित्त होतं अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी राहणाऱ्या मैत्रिणीच्या फोनचं. "२४ तारखेला ये. शाळेच्या पटांगणात नाना 'दो आँखें बारह हाथ' लावणार आहेत." २४ डिसेंबर म्हणजे साने गुरुजींची जयंती. तिचे वडील, नाना, आयुष्याची तीस वर्षं टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. यात्रा-यात्रांतून तंबू ठोकायचे आणि सिनेमे दाखवायचे. तंबू केव्हाच गेले. पण या एका दिवशी गावातली पोरं कुठून तरी प्रोजेक्टर आणतात, मंदिराच्या मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणतात आणि नानांना खुर्ची देतात. सिनेमा दरवर्षी तोच. हे ऐकल्यावर मला घरी बसवेना. व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंचा १९५७ सालचा, रंग नसलेला सिनेमा एक गाव दरवर्षी का बघतं?

धुळ्यात गाडी बदलायला दीड तास होता. रिक्षा करून कारागृहाच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. आत जायचं काही कारण नव्हतं, फक्त भिंत बघायची होती. १९३२ साली याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजी ती लिहून घेत होते. गीताई आणि गीता प्रवचने आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारीच असायची, पण ऐकणारे सगळे कैदी होते हे माझ्या मनावर कधी नीट ठसलंच नव्हतं. ते त्या भिंतीपाशी ठसलं.

शांतारामबापूंचा सिनेमाही कैद्यांचाच. खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी घेऊन एक जेलर माळरानावर शेती करायला जातो. बेड्या नाहीत, कुलूप नाही. गोष्ट ग. दि. माडगूळकरांची आणि तिच्यामागे खरा प्रयोग होता, औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरचा. तिथं कैद्यांना मोकळं ठेवून शेती करायला दिली होती. जेलरचं काम स्वतः शांतारामबापूंनी केलंय. कैदी पळून जायला निघतात आणि जेलरचे डोळे आठवून माघारी येतात. एवढीच गोष्ट. तरी १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात तिला रौप्य अस्वल मिळालं आणि आपल्याकडे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक.

अमळनेरला उतरल्यावर मैत्रिणीनं आधी प्रताप हायस्कूलकडे नेलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांची अंथरुणं आवरणारे, कपडे धुणारे गुरुजी. रागावण्याऐवजी स्वतःच ते काम करून टाकायचे आणि मुलगा आपोआप ओशाळायचा. मैत्रीण म्हणाली, "माझी आजी तो सिनेमा बघून आली आणि म्हणाली, हा जेलर म्हणजे आपले गुरुजीच." मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथंच मिळालं. डोळ्यांच्या धाकानं नव्हे, डोळ्यांतल्या विश्वासानं माणूस बदलतो, हे या मुलखानं पडद्यावर बघण्याआधी शाळेत बघितलं होतं. शांतारामबापूंनी त्यांना नवं काही सांगितलं नाही. त्यांच्या ओळखीचं माणूस पडद्यावर आणून उभं केलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी, शेवटच्या वेचणीची. नाना ओट्यावर बसले होते.

"उनी का बेटी? बठ."

मी बसायच्या आत त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. बिस्किटं नव्हती. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन कांड्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाड, काळ्या, वर तांब्याचा मुलामा, टोकाला जळून खरबरीत झालेल्या. कार्बन. जुन्या मशिनीत दिवा नसायचा. या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये ठिणगी पेटायची आणि त्या उजेडात सिनेमा दिसायचा. जळता जळता त्या झिजतात, मधलं अंतर वाढतं आणि पडदा पिवळा पडायला लागतो. मग ऑपरेटरनं हातानं त्या हळूच पुढे सरकवायच्या. संपूर्ण सिनेमाभर. नानांनी मला सरकवून दाखवल्या, अंगठा आणि तर्जनीनं, केसभर. तीस वर्षांत आपण एकही सिनेमा सलग बघितलेला नाही, असं ते म्हणाले. एक डोळा कायम कांड्यांकडे.

पेट्या भुसावळहून यायच्या. भुसावळ आणि अमरावती ही या भागातली वितरकांची ठिकाणं. रेल्वेनं आलेली पत्र्याची पेटी बैलगाडीतून यात्रेच्या मैदानात. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की अंधार. तेवढ्यात शेंगदाणेवाला फिरून यायचा. "दो आँखें" किती वेळा लावला, असं विचारलं.

"मोजेल नई. लोके मांगेत, मी लावू."

नानांना शांतारामबापूंचं एवढं का, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला भरून आलं. बापू शाळकरी वयात हुबळीला होते. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात आणि संध्याकाळी पत्र्याच्या सिनेमागृहात पडेल ते काम, दाराशी उभं राहण्यापासून. फाळक्यांचे सिनेमे त्यांनी तिथंच बघितले. तिथून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांकडे, मग १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी आणि १९४२ साली मुंबईत राजकमल. "दारवरना पोऱ्या व्हता तो. मन्हासारखा," असं म्हणून नानांनी कांड्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या.

रात्री जेवण शेतात झालं. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. तेलाचा हात सढळ. थंडी अशी की जेवतानाही लोक शेकोटीकडे पाठ करून बसले होते.

पटांगणात दोन-अडीचशे माणसं असतील. पुढे पोरं, मग बाया गोधड्या घेऊन, मागे पुरुष उभे. नाना लॅपटॉपशेजारी खुर्चीवर.

आता माझं प्रामाणिक मत सांगते. शांतारामबापूंचं मला सर्वांत आवडतं काम म्हणजे 'कुंकू' आणि 'माणूस'. 'कुंकू' १९३७ चा. त्यात पार्श्वसंगीतच नाही, घरातले आवाजच संगीताचं काम करतात आणि त्या वयस्कर वकिलाच्या घरातलं घड्याळ अंगावर येतं. त्या संयमाच्या तुलनेत 'दो आँखें' मधली खेळणी विकणारी चंपा, तिची गाणी, तिचे हावभाव मला नेहमी जास्त वाटत आले. घरी एकटीनं बघताना मी ते भाग पुढे ढकलते. इथे ती पडद्यावर आली आणि पुढची पोरं उठून नाचायला लागली, बाया हसल्या. हा भाग कुणाकरता केला होता, ते मला आज कळलं.

पण खरी शांतता पसरली ती पहिल्या पावसाच्या गाण्याला. माळरान नांगरून झालंय, आभाळ भरून आलंय. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. यंदा इथं पाऊस कसा झाला ते मी विचारलं नाही.

मग बाजाराचा प्रसंग. कैदी आपली भाजी रास्त भावात विकतात, गिऱ्हाईक त्यांच्याकडे धावतं आणि व्यापारी चिडतात. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आपला भाव आपण सांगा, मंग व्यापारीसना पोटमा दुखनारच!" सगळं पटांगण "हाव, हाव" करत उठलं. कापूस आणि केळी विकणाऱ्या माणसांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

नानांकडे माझं लक्ष होतं. मध्येच पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून गेला. जुन्या प्रिंटवरची ती रीळ संपत आल्याची खूण, ऑपरेटरसाठी असते. ही प्रत कुठल्यातरी जुन्या प्रिंटवरून केलेली असणार, म्हणून ठिपकाही तसाच आला. कुणाला दिसला नाही. नानांचा उजवा हात मात्र मांडीवरून उचलला गेला, हवेत मशीनच्या दांड्याच्या उंचीवर थांबला आणि परत खाली आला. पुढे प्रत्येक ठिपक्याला तेच. मी मोजायचं सोडून दिलं.

शेवटाकडे, जेलर उधळलेल्या बैलाला सामोरा जातो तेव्हा, मी उठून कापडाच्या मागे गेले. हा प्रसंग करताना शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखर इजा झाली होती आणि काही काळ दिसेनासं झालं होतं. त्या अंधारातून बाहेर आल्यावर त्यांनी १९५९ साली रंगांनी भरलेला 'नवरंग' केला. तंबूत गर्दी झाली की लोक पडद्यामागे बसून सिनेमा बघायचे, असं नाना म्हणाले होते. तेही अनुभवायचं होतं. मागे पाच-सहा पोरं आणि दोन कुत्री होती. मागून सगळं उलटं दिसतं, डावा हात उजवा होतो. जेलर पडला. सहा जण रडले. आणि मग ते दोन डोळे आले, आख्ख्या कापडभर. ते मागूनही तसेच दिसत होते, जसे पुढून. वाऱ्यानं कापड जरा फुगलं, डोळे हलले आणि माझ्या शेजारचं पोरगं मला चिकटलं.

'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना सुरू झाली तेव्हा पुढची सगळी पोरं एका सुरात गायला लागली. भरत व्यासांचे शब्द, वसंत देसाईंची चाल. त्यांच्या शाळेत ही रोज सकाळी म्हणतात. ती सिनेमातली आहे हे त्यातल्या लहान मुलांना बहुधा आजच कळलं असेल.

दिवे लागल्यावर गोधडी खांद्यावर टाकून एक बाई नानांपाशी आल्या. पुढच्या वर्षी तो म्हाताऱ्या नवऱ्याचा लावा म्हणाल्या, दूरदर्शनवर अर्धाच बघितला होता, मग लाईट गेली. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'कुंकू' ची चांगली प्रत मी शोधते.

"आवाज साफ पाह्यजे," नाना म्हणाले. "घड्याळ आयकू येवाले पाह्यजे."