तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती सोनोग्राफी का करत नाही?

"मॅडम, त्या मशीनमध्ये दाबतात तेव्हा फार दुखतं हो. नुसती सोनोग्राफी करा ना." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. दुखतं हे खरंच आहे. माझ्या स्वतःच्या मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, मीही दात आवळून उभी होते. तरी स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी आलेल्या चाळिशीपुढच्या बाईला मी नाहीच म्हणते.

मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे. कॅन्सरची गाठही पांढरीच. ग्रंथी जास्त असल्या की ती शोधणं म्हणजे कापसाच्या ढिगात कवडी शोधणं. ग्रंथी-तंतू किती आहेत ते सांगणारं 'ए' ते 'डी' असं अक्षर रिपोर्टमध्ये असतं. 'सी' आणि 'डी' म्हणजे डेन्स, ग्रंथी-तंतू जास्त असलेले. "मला डेन्स निघालंय" म्हणत बायका रडवेल्या होऊन येतात. अहो, तो आजार नाही! अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायका या दोन गटांत मोडतात. कॅन्सरचा धोका त्याने थोडा वाढतो, पण मोठी अडचण आहे ती गाठ झाकली जाण्याची. आणि हाताला घट्ट लागणं वेगळं. डेन्सिटी हाताला कळत नाही, फिल्मवरच दिसते.

सोनोग्राफीत मात्र ग्रंथी उजळ दिसतात आणि गाठ बहुधा काळी. म्हणून ती कामाची. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३ हजार बायकांवर अभ्यास झाला, त्याचे निकाल २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अर्ध्या बायकांची नुसती मॅमोग्राफी केली, अर्ध्यांची सोबत सोनोग्राफीही. पहिल्या गटात ११७ कॅन्सर सापडले, दुसऱ्यात १८४. दुसऱ्या गटात अखेर काहीच न निघालेल्या बायकांनाही जास्त वेळा परत बोलवावं लागलं, तेवढी धाकधूक सोसावी लागते.

पण त्यात 'सोबत' हा शब्द आहे, तो कृपा करून सोडू नका. काही कॅन्सर गाठ होण्याआधी रांगोळीसारख्या बारीक पांढऱ्या कणांनी दिसतात. मॅमोग्राफीत ते स्पष्ट येतात, सोनोग्राफीत सहसा निसटतात. एक शिक्षिका दोन वर्षं दुसरीकडे नुसती सोनोग्राफी करून घेत होत्या. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. माझ्याकडे मॅमोग्राफी केली, तर कण अर्ध्या स्तनात पसरलेले. ती फिल्म अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तिशीच्या आतली मुलगी गाठ घेऊन आली तर मीही आधी सोनोग्राफीच करते. आणि हाताला गाठ लागत असेल, तर कुठलाही नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका, कोणत्याही वयात.

दुखण्याची भीती वाटते ना? मग पाळी संपल्यावरच्या आठवड्यात या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. दाब काही सेकंदांचाच असतो. फिल्म डेन्स आली तर सोनोग्राफी त्याच दिवशी करू, परत खेप नको.