तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गेटऑप्टच्या (कमांडसोबत दिलेले -व्ही, -बी असे ऑप्शन वाचणाऱ्या फंक्शनच्या) ओळींत एवढं काय आहे?

केव्हीएमच्या (लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाच्या) टेस्टचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तपासतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी दिवसभर पेज टेबल आणि इंटरप्टमध्ये बुडालेला असणार. मग माझे शेरे वाचतात आणि विचारतात, "गेस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतला, कोड राहिला बाजूला, तुम्ही सारखे त्या -व्ही आणि -बी वरच काय अडता?"

कारण तिथे चुकलं तर टेस्ट फेल होत नाही. पास होते.

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच केव्हीएमच्या सेल्फटेस्ट आहेत. त्यातल्या बऱ्याच, विशेषतः डर्टी लॉगिंगचा (गेस्टने मेमरीची कोणती पानं बदलली त्या नोंदीचा) वेग मोजणाऱ्या, -व्ही ने व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी प्रोसेसर) किती आणि -बी ने मेमरी किती ते विचारतात. व्हीसीपीयूसारखे साधे आकडे पूर्वी सर्रास एटूआय हे सी भाषेतलं फंक्शन वाचायचं, आणि एटूआय भलतंच सोशिक. '४' च्या मागे चुकून एखादं अक्षर चिकटलं तरी ४ घेऊन पुढे जातं. नुसती अक्षरं दिली तर निमूटपणे शून्य परत करतं. आता व्हीसीपीयू शून्य म्हटल्यावर थ्रेड कुठला आणि असर्ट (चूक पकडणारी तपासणी) कुठला? शून्य वेगळं अडवलं नसेल तर काहीच न तपासता निकाल हिरवा.

२०२२ साली यासाठी कडक फंक्शनं आली. ती आत स्ट्रटोल हे आकडा वाचणारं दुसरं फंक्शन वापरतात, आकड्यामागे कचरा उरला तर थांबतात. शून्य किंवा ऋण चालत नसेल तिथे त्यासाठीही वेगळं फंक्शन आहे. पण बेस शून्य ठेवलाय, म्हणजे आकडा कुठल्या पद्धतीतला ते त्याच्या सुरुवातीवरून ठरतं. त्यामुळे स्क्रिप्टने शून्यं जोडून '०१०' दिलं की ते ऑक्टल (आठच्या पायाचं) धरलं जातं आणि आठच व्हीसीपीयू उठतात. '००८' मात्र लगेच आपटतं, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही. मला '००८' आवडतं.

मी सगळ्यात आधी बघतो ती ओळ वेगळीच: गेटऑप्टचं उत्तर कशात साठवलंय? ऑप्शन संपले की गेटऑप्ट उणे एक देतं, म्हणून ते इंट या पूर्णांकाच्या प्रकारात हवं. एका पॅचमध्ये ते कॅर या एका बाइटच्या प्रकारात होतं. एक्स८६ प्रोसेसरवर कॅर साइन्ड (ऋण आकडे धरणारा), सगळं सुरळीत. आर्मच्या लिनक्सवर तो अनसाइन्ड, म्हणजे उणे एकचे झाले २५५ आणि लूप संपायची अटच पुरी होईना. तो अनंत फिरला असता तर निदान टाइमआउटने पकडला असता. पण २५५ थेट स्विचच्या डिफॉल्टमध्ये (अनोळखी ऑप्शनच्या वाटेत) गेलं, डिफॉल्टने हेल्प छापली आणि एक्झिट शून्य केलं. शून्य म्हणजे पास! (वगळलेल्या टेस्टसाठी सेल्फटेस्टमध्ये ४ हा कोड आहे, इथे तोही नाही.) म्हणजे आर्मवर ती टेस्ट एकदाही चालली नव्हती, तरी दर वेळी पास होत होती.

बाकी किरकोळ. ऑप्शनच्या लूपमध्येच गुणाकार उरकला तर -बी आधी की -व्ही आधी यावर मेमरी बदलते. हिशोब लूपनंतर करा, एवढंच लिहितो.

आणि हो, मीही चुकलोय. नवं अक्षर जोडलं, पण गेटऑप्टच्या स्ट्रिंगमध्ये त्यापुढचा कोलन (या ऑप्शनला किंमत लागते, अशी खूण) विसरलो. ऑप्टआर्ग, म्हणजे ती किंमत, नल (रिकामा) आला आणि पहिल्याच रनला सेगफॉल्ट, प्रोग्रॅम कोसळला. पॅच पाठवण्याआधी तो ऑप्शन मी एकदाही चालवून बघितला नव्हता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.