साडेअकरा मीटरवरचं पाणी: ड्रेनेज लाईनच्या कॅमेरा तपासणीचा माझा अनुभव

तळमजल्याचं बाथरूम दीड-दोन महिन्यांनी तुंबायचं. पाईपात लांब तारेची स्प्रिंग घालून फिरवली की पाणी उतरायचं, आणि पुन्हा तेच रडगाणं. स्प्रिंग पाईप मोकळा करते, पण तो का तुंबला हे सांगत नाही. त्यामुळे एकच लाईन तिसऱ्यांदा तुंबली की पुन्हा स्प्रिंगवाल्याला न बोलावता कॅमेरा घालून घ्यावा. जुनं घर घेताना आणि लाईनवर पक्की फरशी किंवा नवी खोली यायची असेल तेव्हा तर तो आधीच घालावा.

आमची लाईन साधी आहे. घरालगत एक चेंबर, तिथून १९ मीटरवर कुंपणापाशी दुसरं, आणि मधे १०० मिलिमीटरचा पाईप. कागदावर तो सरळ आणि एकाच जातीचा दाखवला होता. प्रत्यक्षात सुरुवातीचे सात मीटर प्लास्टिक आणि पुढे जुना भाजक्या मातीचा पाईप निघाला.

घरगुती लाईनसाठी वापरतात तो ढकलायचा कॅमेरा. रिळावर ताठ पण वळणारी फायबरग्लासची केबल असते. तिच्या टोकाला स्टीलच्या डोक्यात भिंग, भोवती एलईडी दिव्यांचं कडं. आमच्याकडे आणलेलं डोकं २८ मिलिमीटर जाडीचं होतं. हे डोकं गल्ली ट्रॅपमधून (घराबाहेरच्या सांडपाण्याच्या, वास अडवणाऱ्या वळणातून) किंवा कमोडच्या सापळ्यातून सहसा पुढे जात नाही, आणि काटकोनी बेंडलाही अडतं. म्हणून सुरुवात चेंबरपासूनच. चेंबर सापडत नसेल तर कमोड उचलून तिथून केबल घालावी लागते. हा खटाटोप टाळायचा तर आदल्या दिवशीच कुंड्या हलवून, माती उकरून झाकणं मोकळी करून ठेवा. झाकण उघडल्यावर आत वाकायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. तिथला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करू शकतो. जवळ विडी-सिगारेटही नको.

सगळ्यात जास्त चूक होते ती सफाईच्या क्रमात. भरलेल्या पाईपात कॅमेरा घातला की पडद्यावर नुसता तपकिरी अंधार. म्हणून बहुतेक जण आधी जेटिंग, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने सफाई, करून घेतात, पण जेटिंगने गाळाबरोबर पुरावाही वाहून जातो. आम्ही लाईन थोडी उतरू दिली आणि आधी न धुता एक फेरी मारली. ७.२ मीटरवर बारीक मुळांचा झुपका आणि त्याला अडकलेली चरबी दिसली. तो आकडा लिहून ठेवला, मग जेटिंग, मग खरी फेरी. पाईप जुना असेल तर जेटिंगवाल्याला आधी सांगा, म्हणजे तो दाब बेताचा ठेवेल. तडा गेलेला तुकडा जोरदार धारेने निखळून पडू शकतो.

फेरी सुरू करताना केबल किती मीटर आत गेली ते दाखवणारा काउंटर चेंबरच्या भिंतीत जिथे पाईपचं तोंड आहे तिथे शून्यावर आणायचा, रिळापाशी नाही. भिंगावर भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात फिरवला तर चरबी कमी चिकटते. घरात एक नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. कोरड्या पाईपात पाणी कुठे साचतं ते कळणारच नाही. नळ थंड पाण्याचाच हवा, गरम पाण्याच्या वाफेने भिंग धुरकटतं. प्रत्येक जॉइंटपाशी थांबून डोकं गोल फिरवायचं. १९ मीटरला पंधरा-वीस मिनिटं लागली. पाच मिनिटांत कोणी उरकलं तर त्याने जॉइंट पाहिलेच नाहीत असं खुशाल समजा.

७.२ मीटरवर प्लास्टिक आणि मातीचा पाईप नुसत्या सिमेंटने जोडलेला होता. दोन वेगळ्या जातींच्या पाईपांमधला असा जोड मुळांना हमखास सापडतो. सिमेंटला केसाएवढी फट पडली की ओलाव्याच्या ओढीने तंतुमुळं आत शिरतात आणि आत आल्यावर फोफावतात. ती कापली तरी फट तशीच राहते, म्हणून पुन्हा येतात.

११.५ मीटरपासून पुढे पाण्याची रेघ वर चढू लागली आणि १३.३ मीटरनंतर पुन्हा खाली आली. पाईप मधेच खाली खचून तिथे पाणी साचतं, याला पाईपला पोट पडणं म्हणतात. इथे कॅमेरावाल्याने लगेच ‘पूर्ण लाईन बदला’ म्हटलं, कारण पडदा पूर्ण पाण्याखाली गेला होता. पण त्याने डोक्याला मधोमध धरणारं कडं लावलंच नव्हतं. तसं डोकं तळाशी घासत जातं आणि भिंगाचा मध्य तळापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर राहतो. मग तीन सेंटिमीटर पाणीही महापुरासारखं दिसतं. कडं लावून पुन्हा पाठवायला सांगितलं. आता भिंग पाईपच्या मध्यावर आलं आणि पाण्याची रेघ भिंगाच्या थोडी खाली दिसली. म्हणजे पाणी सुमारे चार सेंटिमीटर. हे वाईटच, १०० मिलिमीटरच्या पाईपात कागद आणि गाळ तिथे थांबणारच. पण खराबी दोन मीटरांत आहे, १९ मीटरांत नाही. तडेही असेच फसवतात. भिंग रुंद कोनाचं असल्याने जवळची बारीक रेघ भेगेसारखी दिसते.

आणखी एक समजूत काढून टाकायला हवी. साधा कॅमेरा उतार सांगत नाही. चित्र आपोआप सरळ ठेवणारं डोकं असतं, पण ते फक्त पाईपची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती ते दाखवतं. उतार आम्ही पाण्याच्या लेव्हल नळीने मोजला. १०० मिलिमीटरच्या पाईपला साधारण ४० ला १ उतार धरतात, म्हणजे १९ मीटरला ४७.५ सेंटिमीटर. आमच्या दोन चेंबरांच्या तळांत ४१ सेंटिमीटरचा फरक होता, म्हणजे ४६ ला १. एकूण उतार चालण्यासारखा, पण मधे खड्डा. नुसतं चेंबर मोजून हे कधीच कळलं नसतं, आणि नुसत्या कॅमेऱ्यावरून उतारच चुकीचा आहे असं वाटलं असतं.

पुढचं काम जमिनीवरचं. काउंटरवरचे मीटर म्हणजे आत गेलेल्या केबलची लांबी, आणि केबल पाईपात नागमोडी पडते. त्यावर भरवसा ठेवून खणलं तर खड्डा भलतीकडे जातो. डोक्यामागे ५१२ हर्ट्झचा सिग्नल देणारा छोटा ट्रान्समीटर असतो. वरून लोकेटर फिरवून त्याची जागा आणि खोली मिळते. खोली खरी आहे का हे तपासायची सोपी युक्ती आहे. लोकेटर जमिनीपासून बरोबर ३० सेंटिमीटर वर धरायचा. आकडा तेवढाच वाढला तर ठीक, नाही तर जवळची सळई किंवा वायर गोंधळ घालते आहे. आमच्याकडे ९५ चे १२५ झाले. पोटाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही जागी रंगाने फुली मारली आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने अंतरं घेतली, कारण रंग पहिल्या पावसात जातो.

व्हिडिओ संपूर्ण मागा, निवडक फोटो नकोत. त्यात तारीख, कोणत्या चेंबरपासून कोणत्या दिशेला आणि चालू मीटर दिसला पाहिजे. आमच्या फाईलमध्ये ९ मीटरवर एक अनोळखी जोड दिसत होता. वॉश बेसिनमध्ये रंगीत पाणी ओतलं, ते तिथून बाहेर आलं आणि शंका फिटली.

पाईपच्या आत अस्तर चढवायचा सल्लाही मिळाला. मुळं आणि तडे यांवर तो चांगला उपाय आहे, पण अस्तर जुन्या पाईपच्या आकारातच बसतं, त्यामुळे पोट तसंच राहतं. शिवाय ९ मीटरवरचं बेसिनचं तोंड आतून पुन्हा कापून मोकळं करावं लागलं असतं. आम्ही दोन्ही फुल्यांच्या मधे खणलं आणि सात मीटरवरचा जोडही उघडला. पोटाखालची माती गळक्या जॉइंटने धुऊन नेली होती. १० सेंटिमीटर वाळू ठोकून त्यावर नवा प्लास्टिकचा तुकडा बसवला, आणि जुन्या पाईपला जोडायला स्टीलच्या पट्ट्यांचे रबरी कपलिंग वापरले, सिमेंट नाही.

कॅमेरा त्यानंतर दोनदा घातला. एकदा खड्डा उघडा असताना, आणि एकदा माती भरून ठोकून झाल्यावर. भरताना पाईप खाली बसला तर केलेलं काम तिथेच वाया जातं. दुसऱ्या फेरीत १२ मीटरवर पाणी तळाशी बोटभर रुंदीच्या धारेत वाहत होतं.