टोनी पुरस्कारांत 'प्रमुख' कोण, हे पोस्टर ठरवतं

'एंजल्स इन अमेरिका' या नाटकातला रॉय कोन हा वकील घ्या. १९९३ साली ती भूमिका करणाऱ्या रॉन लीबमनला टोनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला तो प्रमुख अभिनेत्याचा. २०१८ मध्ये तीच भूमिका नेथन लेननं केली. टोनी त्यालाही मिळाला, पण 'फीचर्ड' या दुसऱ्या गटातल्या अभिनेत्याचा. त्याच नाटकातल्या प्रायर वॉल्टरच्या भूमिकेचं तर याहून नवल. स्टीफन स्पिनेलाला १९९३ मध्ये नाटकाच्या पहिल्या भागासाठी फीचर्डचा टोनी मिळाला आणि १९९४ मध्ये दुसऱ्या भागातल्या त्याच प्रायरसाठी प्रमुख अभिनेत्याचा. दोन भाग ब्रॉडवेवर दोन वेगळ्या मोसमांत आले, म्हणून दोन स्वतंत्र नाटकं धरले गेले.

नामांकनं जाहीर झाली की दरवर्षी तोच वाद सुरू होतो: हा तर नायक, मग याला सहायकांत का बसवलं? या वादात बहुतेक वेळा भूमिकेची लांबी मोजली जाते, संवाद मोजले जातात. टोनीचा मूळ नियम यातलं काहीच मोजत नाही. तो पोस्टर बघतो. शुभारंभाच्या प्रयोगाच्या दिवशी कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असेल तर तो प्रमुख. खाली असेल तर फीचर्ड. म्हणून 'फीचर्ड'चं भाषांतर 'सहायक' असं केलं की गफलत होते. तो शब्द भूमिकेच्या वजनाबद्दल बोलत नाही, नाव कुठे छापलंय याबद्दल बोलतो. आणि नाव कुठे छापायचं हे कलाकाराच्या करारात ठरतं, तालमी सुरू होण्याच्या आधी.

या नियमाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण युल ब्रिनरचं. 'द किंग अँड आय'मधल्या राजासाठी त्याला १९५२ चा टोनी मिळाला, फीचर्ड अभिनेता म्हणून! नाटकाच्या नावातच राजा, पण वर नाव होतं गर्ट्रूड लॉरेन्सचं आणि प्रमुख अभिनेत्रीचा टोनी तिला गेला. पुढे याच राजासाठी लू डायमंड फिलिप्सला १९९६ मध्ये आणि केन वातानाबेला २०१५ मध्ये नामांकन मिळालं ते प्रमुख गटात. 'कॅबरे'मधल्या एमसीचंही, म्हणजे कार्यक्रमाच्या सूत्रधाराचंही, तसंच. जोएल ग्रेला १९६७ मध्ये फीचर्डचा टोनी, ॲलन कमिंगला १९९८ मध्ये त्याच भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्याचा.

पोस्टरचा नियम आंधळेपणानं लावला तर असंच होणार, म्हणून त्यावर एक चाळणी आहे. टोनीच्या प्रशासकीय समितीत २४ जण असतात: टोनी देणाऱ्या दोन संस्थांपैकी अमेरिकन थिएटर विंगचे १०, ब्रॉडवे लीगचे १०, आणि नाटककार, नट, दिग्दर्शक व नेपथ्यकार यांच्या संघटनांचा प्रत्येकी एक. ही समिती मोसमात काही वेळा बसते आणि त्या त्या टप्प्यापर्यंत आलेल्या नाटकांची पात्रता ठरवते. निर्मात्यांना वाटलं की अमक्याचं नाव खाली असलं तरी तो प्रमुख धरावा, किंवा वर असलं तरी फीचर्ड धरावा, तर त्यांनी तसा अर्ज करायचा. समिती मान्य करते किंवा फेटाळते. निर्णय जाहीर होतो आणि त्यात नेहमीच्या नियमाला सोडून काय केलं तेवढंच लिहिलेलं असतं. बाकी सगळे पोस्टरप्रमाणे. 'मेरिली वी रोल अलाँग'च्या पोस्टरवर जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ आणि लिंडसे मेंडेझ तिघांची नावं वर होती. समितीनं ग्रॉफला प्रमुख ठेवलं, बाकी दोघांना फीचर्डमध्ये नेलं. २०२४ मध्ये ग्रॉफ आणि रॅडक्लिफ दोघेही आपापल्या गटात जिंकले. तुम्ही विजेत्यांचे अंदाज बांधत असाल तर नाटकाची परीक्षणं वाचण्याआधी ही निवेदनं वाचा. नामांकन समितीला गट बदलण्याचा अधिकार नसतो. तिच्यापुढे यादी येते ती ठरलेलीच.

मला हा नियम मुळात पटतो. भूमिकेचं वजन हा मताचा प्रश्न आहे, छापलेलं नाव ही सगळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. खटकतो तो अर्जाचा टप्पा, कारण तिथे अर्ज करणाऱ्याची नजर भूमिकेपेक्षा त्या वर्षीच्या स्पर्धकांच्या गर्दीवर असू शकते.

एकाच नाटकातले दोघंतिघं एका गटात आले की मतं फुटतात, ही समजूत तर अगदी घट्ट बसलेली आहे. नोंदी वेगळं सांगतात. 'हॅमिल्टन'चे लेस्ली ओडम ज्युनियर आणि लिन-मॅन्युएल मिरांडा २०१६ मध्ये प्रमुख गटात समोरासमोर होते, ओडम जिंकला. त्याच नाटकाचे तिघं फीचर्डमध्ये होते. डेव्हिड डिग्ज जिंकला. २०२२ मध्ये 'द लेहमन ट्रिलॉजी'चे तिन्ही नट प्रमुख गटात, जिंकला सायमन रसेल बील. २०२४ मध्ये 'स्टिरिओफॉनिक'चे तिघं फीचर्डमध्ये, जिंकला विल ब्रिल. मतफुटीच्या भीतीनं कुणाला दुसऱ्या गटात ढकलायला या नोंदी काही आधार देत नाहीत.

गटाच्या आधी पात्रतेचे प्रश्न येतात, ते सोपे आहेत. थिएटर ब्रॉडवेच्या ४१ पैकी एक हवं, म्हणजे मॅनहॅटनमधलं आणि किमान ५०० खुर्च्यांचं. शुभारंभ त्या मोसमाच्या अंतिम तारखेआधी हवा. ती साधारण एप्रिलच्या शेवटी असते, म्हणून एप्रिलमध्ये नाटकांची रीघ लागते. बदली कलाकार स्पर्धेत नसतात. 'हॅलो, डॉली!'साठी बेट मिडलरला २०१७ चा टोनी मिळाला. पुढच्या वर्षी तिच्या जागी बर्नाडेट पीटर्स आली, तिला नामांकनाची वाटच नव्हती.

पात्र कलाकार फारच कमी असले तर काय होतं, हे २०२० च्या मोसमात दिसलं. कोविडच्या साथीमुळे पात्रतेची तारीख १९ फेब्रुवारीवर आली आणि म्युझिकलच्या (संगीत नाटकाच्या) प्रमुख अभिनेत्याच्या गटात एकटा ॲरन ट्वेट उरला. एकच नाव असलं तरी पुरस्कार आपोआप मिळत नाही. मतदारांपैकी ६० टक्क्यांचा होकार लागतो, आणि तो त्याला मिळाला.

नाटक की म्युझिकल, हा निर्णयही समितीचाच. 'लेडी डे ॲट एमर्सन्स बार अँड ग्रिल'मध्ये ऑड्रा मॅकडॉनल्ड गाण्यामागून गाणी गाते, तरी ते 'नाटक' ठरलं. २०१४ च्या त्या टोनीनं तिचे अभिनयाचे चारही गट पूर्ण झाले: नाटक आणि म्युझिकल, दोन्हींत प्रमुख आणि फीचर्ड.

स्त्री आणि पुरुष अशी विभागणी टोनीनं अजून ठेवली आहे. नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला निव्वळ स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या, कलाकारांना दोहोंतला एक गट घ्यावा लागतो. २०२३ मध्ये जे. हॅरिसन घी आणि ॲलेक्स न्यूवेल अभिनेत्यांच्या गटांत जिंकले, तर जस्टिन डेव्हिड सलिव्हननं विचारातून नावच काढून घेतलं. न्यूयॉर्कच्याच ड्रामा डेस्क या दुसऱ्या नाट्यपुरस्कारांनी त्याच वर्षी लिंगानुसार गट बंद करून प्रत्येक गटात दोन विजेते ठेवले. टोनीच्या स्वतःच्या इतिहासात मात्र ही भिंत एकदा सहज ओलांडली गेली होती: १९६० मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या सगळ्या मुलांना मिळून फीचर्ड अभिनेत्रीचं नामांकन होतं, त्यातल्या मुलग्यांसकट.

एका नामांकनात अनेक कलाकार बसवायचे झाले की नियम सगळ्यात जास्त ताणला जातो. १९९८ मध्ये 'साइड शो'तल्या जुळ्या बहिणी करणाऱ्या एमिली स्किनर आणि ॲलिस रिप्ली यांना प्रमुख गटात एकत्र नामांकन मिळालं. तिथे दोघी रोज एकाच वेळी रंगमंचावर असत. २००९ मध्ये 'बिली इलियट'ची गोष्ट निराळी होती. डेव्हिड अल्वारेझ, ट्रेंट कोवालिक आणि किरिल कुलिश आलटून पालटून बिली करत. तिघांना मिळून एक नामांकन आणि एक टोनी मिळाला. मग २०१३ मध्ये 'मटिल्डा' आलं, चार मुली पाळीपाळीनं मटिल्डा करणाऱ्या. समितीनं त्यांना स्पर्धेबाहेर ठेवलं आणि एक सन्मान दिला. वर्षभर आधी लंडनच्या चार मटिल्डांनी प्रमुख अभिनेत्रीचा ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा टोनीसारखा पुरस्कार, मिळून घेतला होता. तिघं चालतात आणि चौघी चालत नाहीत, याचं पटणारं कारण मला सापडत नाही. एका मतदाराला चारही मुलींचे प्रयोग बघणं अवघड, हे खरं. पण तिघा मुलांच्या वेळी तेच अवघड होतं.

लंडननं २०२२ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ ही बाहुली आहे. ती चालवणाऱ्या सात कलाकारांना मिळून सहायक अभिनेत्याचा ऑलिव्हिए दिला गेला. हेच नाटक २०२३ मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा त्याला नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी यांचे टोनी मिळाले. अभिनयाच्या आठही नामांकन यादींत वाघ नव्हता.