डोळ्यांच्या ठेवणीप्रमाणे आयलायनर

आयलायनर लावण्यापूर्वी आरशात सरळ पाहून, डोळे उघडे असताना वरच्या पापणीचा किती भाग दिसतो हे तपासावे, कारण रेषेची जाडी त्यावरच ठरवायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ज्यांची पापणी भुवईखालच्या त्वचेच्या घडीत झाकली जाते, त्यांनी जाड रेषा ओढली तर ती घडीत लपते आणि तिचा ठसा वर उमटतो. म्हणून त्यांनी पापणीच्या केसांच्या मुळांशी अगदी बारीक रेषा ठेवावी, वॉटरप्रूफ लायनर निवडावे आणि टोकाची शेपटी डोळा उघडा ठेवूनच आखावी. मिटलेल्या डोळ्यावर सुबक वाटणारी शेपटी डोळा उघडताच मोडलेली दिसते.

लहान डोळ्यांच्या खालच्या आतल्या कडेवर गडद काजळ भरल्यास ते आणखी लहान भासतात. आपल्याकडे काजळाची सवय जुनी असली, तरी तिथे त्वचेच्या रंगाची फिकट पेन्सिल अधिक खुलते. गोल डोळ्यांना बाहेरच्या कोपऱ्याकडे जाड होत जाणारी रेषा लांबट रूप देते, तर कोपरे उतरते असल्यास रेषा कोपऱ्याच्या थोडी आधीच वर वळवावी. बदामी डोळ्यांना बहुतेक सर्व प्रकार शोभतात. डोळ्यांची जळजळ होत असेल, तर मात्र आतल्या कडेवर काहीही लावू नये.