आईला घेऊन वासोट्याला

वासोटा गडाचा बेत कानावर गेला तेव्हा आई म्हणाली, "मी वर चढणार नाही. पण पाण्यावरून तेवढं न्या मला." तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण भरू लागलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. भांडीकुंडी, गुरं आणि देव्हारा घेऊन मंडळी कोकणातल्या वसाहतीत गेली. त्यानंतर ती इकडे फिरकलीच नव्हती. त्यामुळे डिसेंबरातल्या त्या एका दिवसात दोन कामं बसवायची होती. नऊ वर्षांच्या लेकीला जंगलातून चालत गड दाखवायचा आणि सत्तरीच्या आईला पाणी दाखवायचं. बरोबर माझा नवरा आणि दादा.

वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ सालचं. पुढे ते आणि दक्षिणेकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे इथे मनाला येईल तेव्हा उठून जाता येत नाही. पावसाळ्यात गड बंद असतो, मुक्कामाला परवानगी नाही, वनखात्याची पावती लागते, आणि काठावरच्या बामणोली गावाहून जायचं तर शिवसागर जलाशय, म्हणजे कोयना धरणाचंच पाणी, बोटीने ओलांडावा लागतो. आम्ही मुद्दाम गुरुवार निवडला. आदल्या रात्री साताऱ्यात राहिलो, पहाटे सहाला यवतेश्वरचा घाट चढलो. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम केव्हाच सरला होता, नुसतं पिवळं गवत आणि धुकं. लेकीला तेही पुरलं.

साडेसातला बामणोलीत पोचलो. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या, ते बरं झालं. आमच्या पुढच्या गटाकडे त्या नव्हत्या आणि त्यांचा अर्धा तास त्यातच गेला. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे बहुतेक लोक दुसऱ्या गटाबरोबर वाटून घेतात. आम्हालाही चार कॉलेजची मुलं विचारायला आली. पैसे निम्मे झाले असते. पण बोट वाटली की परतीची वेळही वाटून घ्यावी लागते. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असताना दुसऱ्याच्या पावलांवर आपला दिवस बांधू नये, असं मला वाटलं आणि आम्ही पूर्ण बोट घेतली. ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांना मी हेच सांगेन. इतर कुठे काटकसर करा, इथे नको.

नावाड्याने निघतानाच बजावलं, "चारला बोट हलनार बघा. अंधार पडायच्या आत बामनोलीला लागायचं." तिथेच वहीच्या पानावर उलटा हिशेब मांडला. चारला बोट, म्हणजे पावणेचारला काठावर. उतरायला दोन तास धरले तर पावणेदोनला गड सोडायचा. मग ठरवलं की दीडपर्यंत वर पोचलो नाही, तर जिथे असू तिथून मागे फिरायचं. हे लेकीलाही आधीच सांगून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी रडारड नको.

दीड तासाचा तो पाण्यावरचा प्रवास. आई पुढच्या फळीवर पदर कानावरून घट्ट घेऊन बसली होती. मला वाटलं होतं ती बोलेल, दाखवेल. ती एकदाच बोलली. डाव्या हाताचा एक डोंगर दिसल्यावर म्हणाली, "ही सोंड तीच. आम्ही हिच्या पायथ्याला करवंदांना जायचो. पायथा कुठाय आता!" लेकीने वाकून पाण्यात पाहिलं. बाकी दोन्ही काठांनी नुसतं जंगल, आणि पाण्याच्या कडेने तांबड्या मातीची एक पट्टी.

पलीकडच्या काठाला मेट इंदवली. गाव इथून उठलं आहे, आता वनखात्याची चौकी आहे. चौकीवर पिशव्या उघडून प्लॅस्टिकची एकेक वस्तू मोजतात, वहीत लिहितात आणि अनामत रक्कम ठेवून घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. आम्ही थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात घेतली होती, पाणी स्टीलच्या बाटल्यांत. तरी गोळ्यांच्या पाकिटांपासून लेकीच्या बिस्किटांच्या पुड्यापर्यंत सात वस्तू निघाल्या. ते सात लेकीच्या जबाबदारीवर दिले. मला ही पद्धत मनापासून आवडते. इतकी माणसं वर्षानुवर्षं जाऊनही ती वाट स्वच्छ आहे, ती या मोजणीमुळेच.

चौकीपासून थोडं पुढे ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. आई तिथपर्यंत आली, हात जोडले आणि दादाबरोबर मागे फिरली. त्या दोघांनी चौकीजवळ सावलीत थांबायचं, असं ठरलेलंच होतं.

पुढची वाट दाट झाडीतून सरळ चढत जाते. डिसेंबरातल्या भर दुपारीही ऊन जमिनीवर जेमतेम पोचत होतं. या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. म्हणून तिघांनी एकमेकांना सोडायचं नाही आणि वाट सोडायची नाही, एवढाच नियम. गवा दिसला नाही, पण शेकरू दिसली. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, एका फांदीवरून पुढच्या झाडावर भलीमोठी झेप. लेक पाच मिनिटं मान वर करून उभी होती आणि मी घड्याळाकडे पाहायचं टाळलं. नागेश्वरच्या गुहेची वाट फुटते तिथे नवरा थबकला. त्याला ती गुहा पाहायची फार इच्छा होती. पण आमच्या हिशेबात ती बसत नव्हती. शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, पायऱ्या लागतात. तिथे लेक बसकण मारून "आता नाही" म्हणाली. गूळ-शेंगदाणे, दोन घोट पाणी, आणि "पुढच्या वळणापर्यंतच" असं चार वेळा. एक वाजून पाच मिनिटांनी आम्ही छप्पर नसलेल्या मारुतीच्या देवळासमोर उभे होतो.

वर चाळीस मिनिटं होती. सगळं पाहणं शक्य नव्हतं, म्हणून माची सोडली आणि थेट बाबूकडा गाठला. नालासारखा वळलेला काळाकभिन्न कडा, त्याच्या पलीकडे जुना वासोटा नावाचा डोंगर आणि खाली थेट कोकण. लेकीला सांगितलं, महाराजांनी १६६० साली हा गड घेतला आणि त्याला व्याघ्रगड नाव दिलं. वाघांसाठी राखलेल्या रानातच तो आज उभा आहे, हे तिला फार पटलं. १८१८ साली इथे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते आणि इंग्रजांनी समोरच्या त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून गडावर मारा केला. समोरासमोर उभं राहिलं की तो मारा कसा झाला असेल ते न सांगता कळतं. तिचा हात मी एकदाही सोडला नाही. कड्याला कठडा नाही.

उतरताना गुडघे बोलू लागले, पण वेळ जमली. तीन-पस्तीसला चौकीवर. लेकीने सातही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या, अनामतीचे पैसे स्वतः मोजून घेतले.

आई बोटीत जाऊन बसली होती, नावाड्याशी बोलत. चार तासांत त्या दोघांनी अख्खं खोरं पालथं घातलं होतं. त्याच्या आजोबांचं घरही पाण्यात गेलेलं, फक्त ते लोक लांब न जाता वरच्या अंगाला सरकले. आईच्या गावचा उत्सव, ओढ्यावरचा साकव, शाळेमागची चिंच, सगळं त्याने त्याच्या आजीकडून ऐकलेलं होतं. दादा म्हणाला, "मी इतकं बोलताना तिला आयुष्यात पाहिलं नाही."

परतताना मध्ये एका जागी नावाड्याने न सांगता इंजिन बंद केलं. "मावशी, साधारन हितंच." बोट हलकी हलत राहिली. आईने पिशवीतून दोन थालीपिठं काढली. ती तिने दुपारी खाल्ली नव्हती, राखून ठेवली होती. तुकडे करून पाण्यात सोडले. मग हात धुतले, पदराला पुसले.

"मे म्हैन्यात या," नावाडी म्हणाला. "पानी खाली जातं तवा काठाची जुनी शेतं उघडी पडत्यात."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मेमध्ये हिला सुट्टी असते ना गं?"